आत्यांबरोबर कॅरिबियन समुद्रात

वडोदऱ्यास दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात जगाचा एक मोठा कापडी नकाशा टांगलेला आहे. आमच्या आत्यांनी तेहतीस वर्षे मुलींच्या शाळेत भूगोल शिकविला. त्या निवृत्त झाल्या तेव्हा जीर्ण झालेला हा नकाशा शाळेने त्यांनाच देऊन टाकला. छडीच्या टोकाने दाखवून दाखवून त्यावरील वेस्ट इंडीजची बेटे पार पुसट झाली आहेत. “फ्लोरिडापासून व्हेनेझुएलापर्यंत माळ तुटून मणी सांडावेत, तशी ही बेटं,” असे त्या वर्गात सांगत. त्यांच्या विद्यार्थिनी आज आज्या झाल्या आहेत. पण वाटेत भेटल्या की हे वाक्य हमखास म्हणून दाखवितात.

सहा वर्षांपूर्वी मणक्याच्या दुखण्याने आत्यांचे पाय गेले. आधार दिला तर क्षणभर उभ्या राहतात, एवढेच. तेव्हापासून चाकांची खुर्ची हेच त्यांचे वाहन. आमच्या घराला पुढे तीन पायऱ्या आहेत. खुर्ची उतरवायची तर चार माणसे लागतात, आणि चार माणसे एका वेळी घरात असणे हा आजकाल योगच म्हणावयाचा. हळूहळू आत्यांनी बाहेर जाण्याचे नाव काढणे सोडून दिले. त्यांना आता घरीच बरे वाटते, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती.

अमेरिकेत असलेल्या आमच्या चिरंजीवांनी फोनवर कॅरिबियन समुद्रातील जलपर्यटनाची कल्पना काढली, तेव्हा आम्ही उभयतांनी ती तेथल्या तेथे मोडीत काढली. एवढा विमानप्रवास, हे वय, ही खुर्ची! हे बोलणे शेजारच्या खोलीत चालले होते. तेवढ्यात आतून आवाज आला, “मला कुणी विचारलं का?”

विचारले नव्हते, हे खरेच होते.

अशा रीतीने २०२४ च्या डिसेंबरात आम्ही बारा जण मायामी बंदरात एकत्र जमलो. एक्याऐंशी वर्षांच्या आत्या, आम्ही उभयतां, इंदूरहून आलेले धाकटे बंधू व वहिनी, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे, तसेच पुतणी, जावई व त्यांचा मुलगा. जून ते नोव्हेंबर हा तिकडे चक्रीवादळांचा हंगाम असतो, म्हणून डिसेंबर निवडला होता. जहाज मधल्या बंदरांवरून पुन्हा अमेरिकेतच परतते, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे आधी पाहावे लागते. वाटेत एका विमानतळावर आत्यांच्या खुर्चीचे एक पायदान गहाळ झाले, ते अखेरपर्यंत सापडले नाही. बंधूंनी सामानाचा पट्टा बांधून तात्पुरती सोय केली. आत्या म्हणाल्या, “पाय चालत नाहीत, पण लोंबकळत ठेवायला आवडत नाहीत.”

जहाज म्हणजे तरंगते गावच. तीन हजारांवर प्रवासी, भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव! परंतु त्या वैभवाचे वर्णन अनेकांनी केले आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते आत्यांच्या खोलीविषयी. अशा प्रवाशांसाठी जहाजावर काही मोजक्या खोल्या राखलेल्या असतात आणि त्या फार लवकर भरतात. चिरंजीवांनी अकरा महिने आधी नाव नोंदविले, म्हणून ती मिळाली. दार रुंद, आणि न्हाणीघराला उंबरठा नाही. आत भिंतीला घट्ट बसविलेली बैठक, हाताशी येणारा नळ आणि दोन्ही बाजूंस धरावयास दांडे. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. परदेशी निशाण लावणारी जहाजेही अमेरिकेच्या पाण्यात असताना त्या कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. एका न्हाणीघराचा उंबरठा जाण्यामागे असा इतिहास असतो.

पहिल्याच संध्याकाळी वहिनी नेहमीप्रमाणे त्यांना स्नान घालावयास निघाल्या. आत्यांनी त्यांना बाहेरच थांबविले आणि दाराला आतून कडी लावली. वहिनी दाराशी कान देऊन उभ्या. आम्ही मार्गिकेत येरझारा घालीत होतो. अर्ध्या तासाने दार उघडले. ओले केस पुसत आत्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “सहा वर्षांनी एकटीनं अंघोळ केली.” त्यावर कोणी काही बोलले नाही. वहिनींनी मुकाट्याने पंचा हाती घेतला आणि त्यांचे केस कोरडे करू लागल्या.

दुसरी गोष्ट बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीची. अशी खुर्ची विमानातून आणावयाची तर बॅटरीचे नियम कडक. म्हणून ती मायामीतच भाड्याने घेऊन थेट खोलीत पोहोचती करविली होती. जाड गालिच्यावर हातखुर्ची ढकलताना तरुणांचीही दमछाक होते. ही मात्र एका बोटाने चाले. पहिल्या दिवशी आत्यांनी दोन दारांना आणि एका फुलदाणीला धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या पुढे निघून गेल्या.

जमैका येईतो दोन दिवस नुसता समुद्र होता. जहाज क्यूबाच्या पूर्व टोकाला वळसा घालून दक्षिणेस उतरते. आत्या डेकवर नातवंडांना दिशा शिकवीत. त्यांच्या खोलीची व्यवस्था पाहणारा तरुण गोव्याच्या सालसेत तालुक्यातला निघाला. अशा जहाजांवर गोव्याची मुले पुष्कळ भेटतात. तो कोंकणीत बोले, आत्या मराठीत उत्तर देत, आणि दोघांचेही कोठे अडत नसे. वर्षातले आठ महिने तो समुद्रावर असे. त्याच्या घरीही अंथरुणाला खिळलेली आजी होती. रोज खोली आवरल्यावर आत्यांची खुर्ची तो दाराकडे तोंड करून ठेवी. का, असे विचारता म्हणाला, “वळवावी लागली की माणूस बाहेर जायचा कंटाळा करतो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील फालमथ बंदर आले. तेथे जहाज थेट धक्क्याला लागते, त्यामुळे आत्यांची खुर्ची उतारावरून सरळ गावात गेली. १७६९ साली वसलेल्या या गावात इंग्रजी धाटणीची जुनी घरे अजून उभी आहेत. त्यांचे सौंदर्य पाहताना ती कशाच्या पैशावर उभारली, हेही ध्यानात ठेवावे लागते. साखरेच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे श्रम, हे त्याचे उत्तर. १८३८ साली ते पूर्ण मुक्त झाले. मग मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. १० मे १८४५ रोजी गिरमिटियांचे पहिले जहाज दक्षिण किनाऱ्यावरील ओल्ड हार्बर बे येथे लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसे या बेटावर आली. बहुतेक उत्तर प्रदेश व बिहारकडील. आपल्याकडील फारशी नव्हेत. परंतु धक्क्याबाहेरच्या खानावळीच्या फळ्यावर ‘रोटी’ आणि ‘करी’ हे शब्द वाचले तेव्हा ते लोक परके वाटेनात. आमची सहल आठ दिवसांची. त्यांचा समुद्रप्रवास महिनोन्‌महिन्यांचा, आणि बहुतेकांस परतीची वाट दिसलीच नाही.

गावातील पदपथ फुटके होते, म्हणून खुर्ची रस्त्याच्या कडेने न्यावी लागली. सावलीत थांबलो असता एका वृद्ध टॅक्सीवाल्याने आम्ही कोठले, असे विचारले. हिंदुस्थान म्हणताच त्याने क्रिकेट काढले. आत्यांना तेवढेच हवे होते. किंगस्टनचे सबाइना पार्क बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, तेथे जाणे शक्य नव्हते. पण बसल्या जागी त्यांनी ते उभे केले. १९७१ साली मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तेथे काढलेल्या २१२ धावा, आणि १९७६ साली होल्डिंगचा चेंडू कानावर बसून ८१ धावांवर जखमी होऊन परतलेले आमच्या वडोदऱ्याचे अंशुमान गायकवाड. गायकवाड त्याच वर्षीच्या जुलैत निवर्तले होते. आत्यांनी ते सांगितले. टॅक्सीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या रात्री जहाज ग्रँड केमन बेटाकडे निघाले. मंडळी नाट्यगृहात जाण्याच्या तयारीत असता आत्यांनी सर्वांना डेकवर बोलाविले. कॅरिबियन समुद्रातील सर्वांत खोल गर्ता या दोन बेटांच्या मधे आहे. तिची खोली ७,६०० मीटरहून अधिक. काळ्या पाण्याकडे पाहत त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं हा आकडा फळ्यावर लिहिला. आज त्याच्यावरून चाललेय.”

ग्रँड केमनला मात्र प्रसंग गुदरला. तेथे मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज दूर उभे राहते आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्यास जातात. जहाज व होडी यांच्यामध्ये पाऊल टाकावे लागते, आणि त्या दिवशी लाटांनी होडी हातभर वरखाली होत होती. अधिकाऱ्याने नम्रपणे पण स्पष्ट सांगितले, की खुर्चीवरील प्रवाशास आज उतरविता येणार नाही. हे बंदर होडीचे आहे, हे आम्हांस आधी ठाऊक होते. पण समुद्र शांत असेल, अशा आशेवर आम्ही आत्यांना काहीच सांगितले नव्हते. चूक आमची होती.

मग आम्ही दुसरी चूक केली. आत्या जात नाहीत तर कोणीच जावयाचे नाही, असे अकरा जणांनी ठरविले. नातवंडांचे चेहरे उतरले, पण मोठ्यांना आपल्या त्यागाचे समाधान होते. आत्या सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, “म्हणजे दिवसभर अकरा माणसं माझ्याकडे बघत बसणार. त्यापेक्षा घरच्या तीन पायऱ्या काय वाईट होत्या? तुम्ही जा. मला एकटीला राहू द्या. सहा वर्षांत मी चार तास एकटी राहिलेली नाही.”

सूनबाईंनी “निदान मी तरी थांबते” म्हणताच त्यांनी खुर्ची वळवली आणि निघून गेल्या. आम्ही गेलो. कोलंबसाने १५०३ साली या समूहातील दोन धाकटी बेटे पाहिली तेव्हा भोवती कासवेच कासवे होती, म्हणून त्याने कासवांचेच नाव दिले, असे सांगतात. वाळू पिठासारखी पांढरी आणि पाणी नितळ. पण आमचे अर्धे लक्ष जहाजाकडे होते.

परत येऊन पाहतो तो आत्या खोलीत नाहीत! भोजनगृहात नाहीत, डेकवर नाहीत. वहिनींचे डोळे भरून आले. चिरंजीव मदतकक्षाकडे धावले. अखेर वरच्या मजल्यावरील वाचनालयात त्या सापडल्या. समोर तशाच खुर्चीत बसलेली एक वृद्ध अमेरिकन बाई, आणि मधे कागदावर पेन्सिलीने काढलेला हिंदुस्थानचा नकाशा. आमच्याकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, “तो सात मैलांचा किनारा खरंच सात मैल आहे का?” नाही, थोडा कमीच आहे, असे धाकट्या नातवाने सांगितले. “वाटलंच,” असे म्हणून त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली.

पुढचे बंदर मेक्सिकोचे कोझुमेल बेट. तेथे धक्का आहे. इश्चेल देवीच्या दर्शनास माया स्त्रिया पूर्वी होड्यांतून या बेटावर येत. तिच्या स्थानाचे भग्नावशेष सान हर्वासियो येथे आहेत, वाट खडकाळ. या वेळी आम्ही आधी विचारले. आत्यांनी देवी आम्हांवर सोपविली आणि स्वतः समुद्र मागितला. किनाऱ्यावरील एका उपाहारगृहात वाळूत रुतणार नाही अशी, फुग्यासारख्या चाकांची खुर्ची मिळाली. दोघा माणसांनी ती गुडघाभर पाण्यात नेली. आत्यांनी ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि म्हणाल्या, “खारटच आहे.” आम्ही सारे हसलो. त्या मात्र बराच वेळ पाण्यातून हात काढीनात.

ज्यांना अशी यात्रा करावयाची असेल, त्यांस अनुभवाचे दोन शब्द. खोली वर्षभर आधी राखून ठेवावी. कोठल्या बंदरात धक्का आहे व कोठे होडी, हे लेखी विचारावे. किनाऱ्यावर खुर्ची चढविता येईल असे वाहन आधी ठरवावे. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. आणि हे सर्व जिच्यासाठी करावयाचे, त्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून सर्व काही सांगावे.

घरी परतलो त्या दिवशी टॅक्सी दारात थांबली. शेजारची मुले मदतीस धावली. चौघांनी आत्यांना उचलून तीन पायऱ्या चढविल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण आठ दिवसांत त्यांना कोणी असे उचलले नव्हते, हे आमच्या प्रथमच ध्यानात आले. अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडेही २०१६ साली झाला आहे. पण आमच्या पायऱ्या काढावयास कायदा कशाला हवा होता?

दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलाविला. एक फूट चढास बारा फूट लांबीचा उतार हवा, असा नियम. आमचा चढ दीड फुटाचा, म्हणजे अठरा फूट लांबी आली, आणि अंगणातील तुळशीवृंदावन आड येऊ लागले. ते हलवावे की नाही, यावर घरात दोन दिवस खल झाला. तिसऱ्या दिवशी आम्हांस सुचले, की आत्यांना अजून विचारलेलेच नाही.

त्यांनी खिडकीतून अंगण पाहिले आणि वृंदावन दोन हात पूर्वेकडे सरकविण्यास सांगितले. तेथे सकाळचे ऊन अधिक येते, म्हणे. आता रोज सायंकाळी त्या स्वतःच उतारावरून खाली जातात, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करतात आणि दिवेलागणीस परततात. कधी उशीर झाला, तर आम्ही दारात उभे राहतो. पण शोधावयास जात नाही.