निश्चिंतीचा दर

वाढीव वॉरंटीचा कागद शोरूमवाले नेमका पेढ्यांच्या खोक्यासोबत पुढे करतात. गाडीला हार घातलेला असतो, चाकांखाली लिंबं ठेवलेली असतात, घरातलं कुणीतरी फोटो काढण्यात गुंतलेलं असतं. अशा वेळी पंधरा-सोळा लाखांच्या शेजारी तीसेक हजारांचा आकडा अगदीच किरकोळ दिसतो. तोच आकडा एखाद्या आडवारी दुपारी नुसता समोर आला, तर आपण त्यावर चार दिवस घालवू. विक्रीत मुरलेल्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं.

आम्हाला त्या गडबडीत सही करावी लागली नाही, कारण बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत वाढीव वॉरंटी विकत राहतात. उशीर केला की दर थोडा चढतो, इतकंच. आता आमच्या इलेक्ट्रिक कारची तीन वर्षं भरत आली आहेत, सर्व्हिस सेंटरचे फोन सुरू झालेत आणि विषय जेवणाच्या टेबलावर आला आहे. “बाबा, बॅटरी गेली तर पाच-सात लाख कुठून आणणार? घेऊन टाका,” हे मुलीचं म्हणणं. बायकोने मात्र वाढता वाढता विचारलं, “पण बॅटरी त्यात आहे का?”

नव्हती. बॅटरी आणि मोटर यांना कंपनीने मुळातच ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल तोवरची वॉरंटी दिलेली आहे. फोनवर जी विकली जात होती ती उरलेल्या गाडीची वॉरंटी, तीही चौथ्या आणि पाचव्या वर्षापुरती. म्हणजे झोप उडवणारी भीती बॅटरीची, आणि पैसे मात्र दुसऱ्याच भागांचे. फोनवरचा मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याने फक्त आमचा गैरसमज दुरुस्त केला नाही.

डिझेल गाडीचं गणित वेगळं असायचं. तिथे वाढीव वॉरंटीत इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, इंजेक्टर असा सगळा महागडा ऐवज येई. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, टायमिंग बेल्ट नाही. आणि जे सर्वांत महाग आहे त्याची सोय कंपनीने आधीच केलेली. मग उरतं काय? गाडीतला चार्जर, जो घरच्या एसी विजेचं डीसीत रूपांतर करतो. मोठ्या बॅटरीतून दिवे-काचांच्या १२ व्होल्टच्या यंत्रणेला वीज पुरवणारा कन्व्हर्टर. विजेवर चालणारा एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंग आणि डॅशबोर्डवरचा तो भला मोठा स्क्रीन. यांतलं काही बिघडलं तर हजारांत, कधी लाखाच्या आसपास बिल येऊ शकतं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण घर विकायची पाळीही येत नाही.

याउलट, जे हमखास झिजतं ते कुठल्याच वॉरंटीत नसतं. टायर, ब्रेक पॅड, वायपर, सस्पेन्शनचे बुश हे सगळं आपल्या खिशातून. कडुनिंबाखाली लावलेल्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या किंवा पावसात गाडी पाण्यात बुडाली, तर तो विम्याचा विषय. आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्यांना हे ऐन जुलैत कळलं. अपवादांचं पान आधी वाचावं आणि जाहिरातीचं नंतर, हे माझं बँकेतल्या नोकरीपासूनचं मत आहे.

तरीही बॅटरीची भीती अनाठायी म्हणता येत नाही, विशेषतः नागपुरात. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णतेचं वावडं आहे. पेशींमधल्या रासायनिक प्रक्रिया तापमानाबरोबर वेगाने होतात, त्यातल्या नको त्याही. पूर्ण चार्ज केलेली गाडी उन्हात उभी राहिली तर न चालवताही तिची क्षमता थोडी थोडी घटत जाते. याचा मोठा धडा अमेरिकेतल्या ॲरिझोनाने दिला. निसान लीफ ही गाडी २०१० मध्ये आली. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड करणारी यंत्रणा नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्स परिसरातल्या मालकांना दिसू लागलं, की डॅशबोर्डवर क्षमता दाखवणाऱ्या १२ पट्ट्यांतली एकेक पट्टी गळते आहे. वॉरंटी होती, पण ती दोषाची होती. क्षमता हळूहळू घटणं हा दोष मानला जात नव्हता. तक्रारींचा रेटा इतका वाढला, की कंपनीने नवं वचन दिलं: ५ वर्षं किंवा ६० हजार मैलांच्या आत ९ पेक्षा कमी पट्ट्या राहिल्या तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. आज आपल्याकडच्या कागदांवर ‘७० टक्के क्षमता’ अशी ओळ दिसते, तिच्यामागे त्या वाळवंटातल्या तापलेल्या गाड्यांचीही पुण्याई आहे. ज्या कागदावर ती ओळ नसेल, तिथे ८ वर्षांचा आकडा अर्धाच समजावा.

आता या ७० टक्क्यांचाही शांतपणे विचार करायला हवा. अडीचशे किलोमीटर जाणारी गाडी पावणेदोनशेवर आली, तर धरमपेठेतून बुटीबोरीला रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला काय फरक पडतो? काहीच नाही. समृद्धी महामार्गावरून शिर्डी गाठणाऱ्याला मात्र एक चार्जिंग थांबा वाढतो. बॅटरी दोन तऱ्हांनी दगा देते, एक हळूहळू आटून आणि दुसरी एखादा मॉड्यूल अचानक बंद पडून. पहिलीशी आपण जुळवून घेतो, जसं वयाबरोबर जिन्यावर थांबत थांबत चढायला शिकतो. दुसरीसाठी वॉरंटी हवी, आणि ती कारला बहुधा असतेच.

स्कूटरची गोष्ट निराळी. तिथे मूळ वॉरंटी अनेकदा ३ वर्षांचीच असते, आणि बॅटरी हा स्कूटरच्या किमतीतला मोठा हिस्सा. चौथ्या वर्षी ती गेली तर बदलण्यापेक्षा भंगारात देणं परवडावं, असा हिशेब होतो. म्हणून एथर, ओला यांसारख्या कंपन्यांनी २०२४ मध्ये ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंतच्या बॅटरी वॉरंटी आणल्या, ही मला जाहिरातीपलीकडची घटना वाटते. वॉरंटीची किंमत ठरवताना कंपनी स्वतःच्या मालाबद्दल नकळत साक्ष देत असते. किती बॅटऱ्या कधी बिघडतात, हे तिला आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. नव्या बॅटरीच्या मानाने थोड्या पैशांत ती ८ वर्षांची जबाबदारी घेते, याचा अर्थ तिच्या अंदाजाने फार थोड्या बॅटऱ्या परत येणार आहेत. कारवाले त्याहून पुढे गेलेत. एमजीने २०२४ मध्ये विंडसरच्या पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी दिली. पुढच्या वर्षी टाटांनी हॅरियर ईव्हीला तशीच दिली. तिथे आजीवन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं. दोन्हीकडे ‘पहिला मालक’ हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत. जुनी गाडी घेणाऱ्याने तर त्यांवरच बोट ठेवून भाव करावा.

मात्र साक्ष देणारा स्वतः किती काळ टिकेल, हा प्रश्न उरतोच. तळेगावात जनरल मोटर्सचा एवढा मोठा कारखाना होता. २०१७ अखेर कंपनीने देशातली विक्री थांबवली, २०२० मध्ये कारखान्यातलं उत्पादन थांबलं, आणि ती जागा पुढे ह्युंदाईने घेतली. त्या कंपनीची शेवरोले बाळगणाऱ्यांचं त्यातल्या त्यात निभावलं, कारण पेट्रोल-डिझेलचं इंजिन कुठलाही हुशार मिस्त्री खोलू शकतो. अमेरिकेत फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा गाड्यांचं सॉफ्टवेअर आणि सुटे भाग कोण बघणार म्हणून मालकांना स्वतःची संघटना उभारावी लागली. माझ्या वडिलांची चेतक स्कूटर सुरू होईना, तर ते ती एका बाजूला कलती करत आणि किक मारत. तेवढ्याने भागलं नाही तर कोपऱ्यावरचा मिस्त्री प्लग घासून देई. आमच्या कारच्या बॉनेटखाली नारिंगी वायरी आहेत, त्यांत तीनशेच्या वर व्होल्ट खेळतात. तिथे ना वडिलांची युक्ती चालते, ना मिस्त्रीचा पाना. म्हणूनच या गाडीत वॉरंटीच्या वर्षांइतकीच शहरातल्या सर्व्हिस सेंटरची किंमत आहे. एका ओळखीच्यांची कार चार्जरचा सुटा भाग येईना म्हणून कित्येक आठवडे उभी राहिली. वॉरंटीत होती, एक रुपया लागला नाही, फक्त रोजचा रिक्षाचा खर्च कुणी दिला नाही.

वॉरंटीच्या बाजूने एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो. मुदतीत बिघाड झाला तर सहसा आपल्याला काही सिद्ध करावं लागत नाही. मुदतीनंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे, राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, १९१५ ही हेल्पलाइन आहे. पण दोष मुळातलाच होता हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तारखा लागतात. ज्यांचं पोट गाडीवर आहे, त्यांना एवढा धीर परवडत नाही. टॅक्सीवाल्याने, रोज लांब पल्ला मारणाऱ्याने त्यांच्या वापराला लागू पडणारी वाढीव वॉरंटी घ्यावी, असंच मी सांगेन.

आम्ही कारची घेतली नाही. तेवढीच रक्कम वेगळ्या ठेवीत टाकली आहे; गाडीत चार्जर किंवा कॉम्प्रेसर गेला तर तिथून, नाही गेला तर पैसे आमचेच. शिवाय गाडीवर ५ टक्के जीएसटी भरलेल्या माणसाला या निश्चिंतीवर १८ टक्के भरायला जीवावर येतं, हेही सांगून टाकतो. मुलीच्या स्कूटरच्या बॅटरीची वॉरंटी मात्र तिच्या आईने त्याच आठवड्यात वाढवून घेतली, आणि त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही.

तुमच्यावर ही वेळ येईल तेव्हा रंगीत पत्रक बाजूला ठेवा आणि अटींची पूर्ण पुस्तिका मागा. बॅटरी आत आहे का, क्षमतेचा आकडा लिहिलाय का आणि गाडी विकल्यावर वॉरंटी कुणाकडे जाते, एवढं बघा. पुस्तिका द्यायला टाळाटाळ झाली, तर त्या दिवशी सही करू नका.