खोगीर

मी बदरुका कॉलेजचा बी.कॉम., पुढे सगळी नोकरी बँकेत. कुणी रिपोर्टात उगाच पानं वाढवली की मी समासात लाल पेनाने 'खोगीरभरती' लिहायचो. खोगीर प्रत्यक्षात हातात आलं ते सत्तरी ओलांडल्यावर.

नात घोडेस्वारी शिकू लागली. हैदराबादेत घोडे म्हटले की आपल्या पिढीला आठवतं मलकपेटचं रेसकोर्स (१८८६ पासूनचं!) आणि गोशामहलचे पोलिसांचे घोडे. आमच्या काचीगुड्याच्या घरात खोगीर येईल असं कुणाला वाटलं होतं! मुलं त्याला सॅडल पॅड म्हणतात. जीन आणि घोड्याची पाठ यांच्यामधली जाड गादीच ती. घामाचा आंबूस वास आणि केसच केस. ही आधीच बजावून बसली होती, "माझ्या मशीनला हात लावायचा नाही." ती लातूरला भावाकडे गेली, तेव्हा मी घातलं. दोन मापं पावडर, वर ते वासाचं लिक्विड. पांढरंशुभ्र निघालं, मी खूश.

तिसऱ्या दिवशी नात रडत घरी आली. घोडीच्या पाठीवर पुरळ, एका जागी केस गेलेले. आठवडाभर जीन चढवायचं नाही म्हणे.

मी स्वतः गेलो. म्हाताऱ्या सईसानं काही न बोलता खोगीर बादलीत बुडवून पिळलं. पाण्यावर फेस! "साब, साबन अंदरइच है." वरून घाम, त्यात घासणं, मग कातडी सोलणारच. मान खाली घालून उभा राहिलो. सस्पेन्स खात्यात चूक सापडल्यावर राहायचो तसा.

मग त्यानंच शिकवलं. फेरी झाली की खोगीर उलटं टाकून वाळवायचं. वाळल्यावर कडक ब्रशनं केस काढायचे, ओल्यात ते आणखी रुतून बसतात. साबण अगदी थोडा, पाणी गार आणि नितळ निघेपर्यंत खळबळायचं. आतून पुरतं वाळल्याशिवाय घोड्यावर टाकायचं नाही, पावसाळ्यात दोन-दोन दिवस लागतात. आणि एकाचं खोगीर दुसऱ्याला नाही, नायटा पसरतो.

घोडी बरी झाली. मशीनच्या जाळीत मात्र केस सापडले, त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. आता खोगीर नात धुते. माझ्याकडे फक्त खळबळणं, आणि शेवटच्या बादलीतलं पाणी ती वाकून तपासते. पास झालं नाही तर पुन्हा.