आमची वाहिन्यांची निवड

मनुष्यास जें हवें तें त्यानें स्वतः निवडावें आणि तेवढ्याचेंच मोल द्यावें, ह्याहून सरळ व्यवहार दुसरा कोणता? मंडईंत एखादी भाजीवाली, “वांगीं हवीं असतील तर हा भोपळा आणि ही शेपूची जुडीहि घेतलीच पाहिजे,” असें म्हणूं लागली तर दुसरे दिवशीं तिच्याकडे कोणी फिरकणार नाहीं. तथापि दूरचित्रवाणीच्या बाबतींत हीच रीत आपण पुष्कळ वर्षें मुकाट्यानें सोसली. ती बदलण्याचा दिवस उगवला तेव्हां आम्हांस मोठा हर्ष झाला, आणि त्या हर्षाच्या भरांत आमच्या हातून एक चूक घडली. चूक लहान होती. पण तिच्यापासून आम्ही जें शिकलों तें आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडील मंडळींच्या कानीं घालावें, ह्या हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड पुण्यांत. घरांत आम्ही, मुलांची आई, आमच्या मातोश्री, एक कन्या व एक चिरंजीव अशीं पांच माणसें. २०१० च्या सुमारास आम्हीं गच्चीवर डिश, म्हणजे मातोश्रींच्या भाषेंत ‘छत्री’, बसविली आणि तिच्याबरोबर कार्यक्रम टिपून ठेवणारी पेटी, म्हणजे रेकॉर्डर, घेतला. ह्या पेटीचें मर्म थोडक्यांत सांगतों. उपग्रहाकडून शेंकडों वाहिन्यांच्या लहरी एकाच वेळीं आपल्या डिशवर पडत असतात. त्यांतून हवी ती लहर वेंचून घेणारा जो भाग, त्यास ट्यूनर म्हणतात. साध्या पेटींत एकच ट्यूनर असतो. आमच्या पेटींत दोन होते, म्हणून गच्चीवरून दोन तारा खिडकींतून आंत आणाव्या लागल्या. एक ट्यूनर क्रिकेटचा सामना दाखवी, आणि त्याच वेळीं दुसरा ट्यूनर मुलांच्या आईची मालिका आंतील चकतीवर उतरवून घेई. रात्रीं सामना संपला कीं मालिका लावावी. ह्या एका यंत्रानें आमच्या घरांतील रोजचा तंटा मिटविला, हें कबूल केलें पाहिजे.

हीं यंत्रें प्रथम अमेरिकेंत निघालीं. घरीं कार्यक्रम टिपून तो मागाहून पाहणें हा गुन्हा नव्हे, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालींच दिला होता. तेव्हां फिती होत्या. १९९९ सालीं टिवो आणि रिप्ले टीव्ही ह्या दोन नांवांच्या पेट्या बाजारांत आल्या, त्यांनीं फितीऐवजीं चकती आणली. पुढें ट्यूनरांची चढाओढ लागली. २०१३ मध्यें सहा ट्यूनरांची पेटी निघाली, २०१६ मध्यें सोळांची! सोळा वाहिन्या एकदम टिपणारें यंत्र मनुष्यानें केलें खरें, परंतु दिवसाचे तास चोवीसच राहिले आणि डोळेहि दोनच राहिले. आमच्या दोन ट्यूनरांच्या पेटींतसुद्धां न पाहिलेल्या कार्यक्रमांचा ढीग सांचत असे. जागा भरली कीं पेटी जुने कार्यक्रम आपोआप पुसून टाकी, आणि काय पुसलें गेलें हें आमच्या ध्यानांतहि येत नसे. एक ना धड, भाराभर चिंध्या, ही म्हण आमच्या दिवाणखान्यांत रोज खरी ठरत होती.

त्या चिंध्यांचें दुसरें मूळ वाहिन्यांच्या गठ्ठ्यांत होतें. ह्या गठ्ठ्यास व्यापारी लोकांनीं ‘बुके’, म्हणजे पुष्पगुच्छ, असें गोंडस नांव दिलें आहे. आमच्या गुच्छांत दोनशेंहून अधिक वाहिन्या होत्या आणि आमच्या समजुतीप्रमाणें घरांत पाहिल्या जात त्या दहा-बारा. बाकीच्यांचे पैसे आम्ही कां भरावे, हा प्रश्न दरमहा आम्ही जेवतांना मोठ्यानें विचारीत असूं. हा प्रश्न आमचाच होता असें नाहीं. कॅनडा देशांतील नियामक मंडळानें २०१५ सालीं हुकूम काढला, कीं मूळ संच महिना २५ डॉलरांहून महाग नसावा आणि पुढील वाहिन्या ग्राहकास एकेक अथवा लहान संचांत घेतां याव्या. आपल्याकडे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २०१७ च्या मार्चमध्यें तशाच धर्तीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांवर न्यायालयांत वाद झाला. ऑक्टोबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ते कायम ठेविले, आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते घरोघर अंमलांत आले. प्रत्येक सशुल्क वाहिनीची महिन्याची किंमत उघड सांगावी, ती वाहिनी सुटी मिळावी, आणि १९ रुपयांहून महाग वाहिनी गुच्छांत घालूं नये, असा नियम झाला. पहिल्या १०० वाहिन्या घरापर्यंत पोंचविण्याबद्दल १३० रुपये व कर द्यावयाचा, आणि त्यावर आपण निवडूं त्या वाहिन्यांचे पैसे.

जानेवारीच्या शेवटीं एका संध्याकाळीं आम्हीं सर्वांस जेवणाच्या टेबलाभोवतीं बसविलें. कन्या त्या वेळीं शिक्षणानिमित्त नागपुरास वसतिगृहांत होती. वहीचें एक पान घेऊन आम्हीं चार रकाने आंखले. चिरंजीवांनीं १३० वर अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे हा आंकडा क्षणांत काढला व आम्हीं त्यांची पाठ थोपटली. मुलांच्या आईनें दोन मराठी वाहिन्या सांगितल्या. चिरंजीवांनीं क्रिकेटची सांगितली. आम्हीं बातम्यांची एक आणि पशुपक्ष्यांची एक लिहिली. मातोश्रींस विचारलें तेव्हां त्या कोथिंबीर निवडीत होत्या. मान वर न करितां त्या म्हणाल्या, “मला काय, जें लागेल तें मी बघतें. तुमचें तुम्ही ठरवा.” आम्हीं त्यांच्या रकान्यांत दोन भजनाच्या वाहिन्या लिहून टाकल्या. त्या विनामूल्य होत्या, आणि म्हाताऱ्या माणसास आणखी काय लागणार, असें आमच्या मनांत आलें. महिन्याकाठीं साठ-सत्तर रुपये वांचले. पुष्कळांच्या घरीं बिल उलट वाढलें असें ऐकत होतों, म्हणून तर आम्हांस आमच्या वहीचा अधिकच अभिमान वाटला. शाळेंत सहकाऱ्यांनाहि आम्हीं तें पान दाखविलें.

मे महिन्याच्या सुटींत कन्या घरीं आली. ४ तारखेस रात्रीं तिनें सहज रेकॉर्डरची यादी उघडली आणि ती बराच वेळ कांहीं बोलेना. मग तिनें आम्हांस हांक मारली. पडद्यावर एकाखालीं एक अशा सारख्याच नोंदी होत्या. रविवार खेरीज रोज दुपारीं दीड वाजतां एक नोंद, आणि प्रत्येकीपुढें तोच शेरा: टिपतां आलें नाहीं, वाहिनी घेतलेली नाहीं. १ फेब्रुवारीपासून मोजल्या तों बरोबर ऐंशी भरल्या. वाहिनी कानडी होती.

“आजीची मालिका,” कन्या म्हणाली. “दोन वर्षांपूर्वीं मीच लावून दिली होती. दुपारीं कोणी भेटायला आलें कीं तिची चुके, म्हणून.”

आमच्या मातोश्रींचें माहेर धारवाडचें. एकोणिसाव्या वर्षीं त्या लग्न होऊन पुण्यास आल्या आणि सासरीं मराठी बोलूं लागल्या, तें इतकें चांगलें, कीं त्यांची पहिली भाषा दुसरी होती हें आम्ही मुलें जवळ जवळ विसरलों. त्यांची धाकटी बहीण हुबळीस असे. रविवारीं दोघींचें टेलिफोनवर कानडींत बोलणें चाले. ती बहीण २०१६ सालीं वारली. तेव्हांपासून ह्या घरांत कानडी शब्द ऐकूं येण्याचें एकच ठिकाण उरलें होतें, आणि तें आम्हीं साठ-सत्तर रुपयांच्या आनंदांत बंद करून टाकलें होतें.

आम्ही मातोश्रींच्या खोलींत गेलों. विचारलें, “आई, तूं त्या दिवशीं सांगितलें कां नाहींस?”

“अरे, तुम्ही सगळे हिशेबांत होतां,” त्या म्हणाल्या. “माझ्या एकटीसाठीं कशाला? आणि गोष्ट काय, मालिका कांहीं फार चांगली नव्हती. नुसतें कानावर पडायचें, एवढेंच.”

ह्या उत्तरानंतर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. त्याच रात्रीं कन्येनें ती वाहिनी यादींत घातली. तिला महिन्यास जें पडे, त्यांत त्या वेळीं एक कप चहाहि धड आला नसता. दुसरा दिवस रविवारचा होता. सोमवारीं दुपारीं दीड वाजतां पेटीवरील तांबडा दिवा लागला, तो मातोश्रींनीं खोलींतून पाहिला आणि त्या पदर सांवरीत बाहेर येऊन बसल्या.

आम्हीं पुष्कळ विचार केला. ज्या गठ्ठ्यास आम्ही जन्मभर नांवें ठेवीत आलों, तो गठ्ठा आमच्या मातोश्रींची भाषा त्यांनीं न मागतां घरांत आणीत होता. आम्ही ज्यास भोपळा म्हणत होतों, तें दुसऱ्या कोणाचें तरी जेवण होतें. ह्याचा अर्थ गठ्ठा चांगला आणि निवड वाईट, असा कोणी घेऊं नये. नव्या नियमानेंच ती वाहिनी आम्हांस सुटी, अल्प मोलांत, एका रात्रींत परत घेतां आली. चूक नियमाची नव्हती, आमची होती. गठ्ठ्यांत दोष असला तरी त्यांत जो बोलत नाहीं त्याचाहि वांटा आपोआप येतो. निवडींत तो येत नाहीं. तो कोणीतरी विचारून घालावा लागतो. निवडीचा अधिकार मिळाला म्हणजे विचारण्याचें कर्तव्यहि पाठोपाठ येतें, आणि आम्हीं अधिकार घेतला, कर्तव्य विसरलों. मातोश्रींस काय आवडतें ह्याची नोंद एका निर्जीव पेटीनें ऐंशी दिवस ठेविली आणि त्यांच्या मुलानें एक दिवसहि ठेविली नाहीं, ही गोष्ट आम्हांस अद्याप बोंचते.

पुढें २०२१ मध्यें ती पेटी बिघडली. तिच्यांतील कार्यक्रम नव्या पेटींत नेतां येईनात, कारण ते त्या एका पेटीच्याच गुप्त किल्लीनें बंद केलेले असतात. मातोश्रींचे तीस-चाळीस भाग गेले. आम्ही हळहळलों. त्या म्हणाल्या, “गेले तर जाऊं देत. वाहिनी आहे ना?” सांचविलेलें सर्व आपलें असतें असें नाहीं, हा आणखी एक धडा त्यांनीं आम्हांस फुकट दिला.

आतां ह्या यंत्रांचें भविष्य काय, असें मुलें विचारतात. आमच्या मतें घरांतील रेकॉर्डरचे दिवस भरत आले आहेत. ज्या टिवोनें १९९९ सालीं वाट पाडली, तिनेंहि २०२५ सालीं अशा पेट्या विकणें थांबविलें. कार्यक्रम आतां कंपन्यांच्या दूरच्या संगणकांवर राहतात आणि इंटरनेटनें हवे तेव्हां येतात. तेथें दोन ट्यूनर कीं सोळा, हा प्रश्नच उरत नाहीं. गुच्छांचे नियमहि स्थिर नाहींत. २०२० मध्यें १३० रुपयांत १०० ऐवजीं २०० वाहिन्या आल्या आणि गुच्छांतील वाहिनीच्या किमतीची मर्यादा १२ रुपयांवर उतरली. ती २०२३ पासून पुन्हां १९ रुपये झाली. आणि २०२४ मध्यें पोंचविण्याच्या शुल्कावरील मर्यादाच काढून घेण्यांत आली. तिकडे निरनिराळीं ॲप स्वतंत्र वर्गणी मागतात, आणि लोक कंटाळले कीं त्याच ॲपांचे पुन्हां गठ्ठे बांधून विकतात. जुनीच भाजीवाली, नवी पाटी!

परंतु एक गोष्ट खरोखर नवी आहे. पुढची यादी वहींतील पानावर होणार नाहीं. कोणीं काय पाहिलें हें मोजून संगणकच ती सुचवील, आणि तसें तो आजहि करूं लागला आहे. तो मोजण्यांत चुकत नाहीं. पण जो थोडें पाहतो, दुसऱ्याच्या नांवावर पाहतो, किंवा मागण्याचा संकोच धरितो, तो त्या मोजणींत मागें पडतो. अशा माणसास ओळखण्याचें काम यंत्राकडे सोंपवितां येणार नाहीं. तें घरांतल्यांनींच केलें पाहिजे.

म्हणून विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या घरीं वाहिन्यांची, ॲपांची किंवा कसलीहि सामाईक यादी होऊं लागली, तर पेन्सिल तुमच्या हातीं येईल, कारण हिशेब तुम्हांस लवकर येतो. तेव्हां जो सर्वांत कमी बोलतो त्यास प्रथम विचारा. आणि “मला कांहीं नको” असें उत्तर आलें तर तें पहिल्या खेपेस लिहून घेऊं नका. आमच्या घरीं दर जानेवारींत तीच वही निघते. पहिला रकाना मातोश्रींचा असतो. त्या अजूनहि प्रथम “तुमचें तुम्ही ठरवा” म्हणतात, आणि आम्ही अजून एकदां विचारतों. चिरंजीव दुपारीं घरीं असले म्हणजे त्यांच्याजवळ बसतात. मालिका त्यांस फारशी समजत नाहीं, पण तिच्यांतून ते चार शब्द शिकले आहेत, आणि टेबलावर पान वाढलें कीं “ऊट आयिता, आजी?” म्हणजे “जेवण झालें कां?” असें विचारतात. मातोश्री त्यांचा उच्चार सुधारतात, आणि मग त्यांस कानडींतच उत्तर देतात.