पिवळी गोळी

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही डॉक्टर. पालमला आमचा लहानसा दवाखाना आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची आमची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी त्या काळात ३० गुण जमवावे लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतही ५ वर्षांत किमान ३० तास शिकत राहावे, असे म्हटले होते. आम्ही ते कसे पुरे करायचो? रविवारी दवाखान्याला कुलूप लावायचे, नांदेड किंवा परभणी गाठायची, सही करायची, मागच्या रांगेत बसायचे, जेवायचे आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या खाला आल्या. तोंड फोडांनी भरलेले, पाणीही गिळवेना. त्यांना संधिवात होता. नांदेडच्या तज्ज्ञांनी सुरू केलेली मेथोट्रेक्सेट आम्हीच पुढे लिहून देत होतो. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक अ‍ॅसिड. चिठ्ठी इंग्रजीत. खालांना वाचता येत नाही, म्हणून आम्ही तोंडी सांगितले होते, “पीली गोली रोज खाना.” आमच्या मनात फॉलिक अ‍ॅसिड होते. पण या वेळी दुकानातून आलेल्या दोन्ही गोळ्या पिवळ्याच होत्या. आठवड्याची गोळी खालांनी ९ दिवस रोज घेतली. अशी रोज घेतली तर शरीरात नव्या रक्तपेशी तयार होणे थांबते, माणूस दगावू शकतो. नांदेडला १२ दिवस राहून खाला वाचल्या. सून म्हणाली, “अनपढ हैं, समझी नहीं.” खालांनीही मान खाली घातली. आम्ही गप्प राहिलो.

जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते. आपल्या मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन, म्हणून तारीख लक्षात राहते. २०२२ चा विषय होता औषधांची सुरक्षितता. त्याच महिन्यात नांदेडच्या एका सभेत आम्ही गुणांसाठी बसलो होतो. पडद्यावर आली ती मेथोट्रेक्सेटच. ही चूक जगभर होते, असे वक्ते सांगत होते. मग त्यांनी विचारले, “इथे कुणाच्या हातून झाली आहे?” एकही हात वर गेला नाही. आमचाही नाही.

गुण मिळाले. परतताना लोहा मागे पडले तरी गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी खालांच्या घरी गेलो. सुनेलाही बसवून घेतले आणि सांगितले, चूक यांची नव्हती, आमची होती. खाला बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सालभर मैं मेरे कू ही कोसती रही, बेटा.”

तेव्हापासून आठवड्याच्या गोळीपुढे आम्ही वाराचे नाव लिहितो, मराठी वाचणाऱ्याला मराठीत, उर्दू वाचणाऱ्याला उर्दूत. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात गोळी देऊन विचारतो, “आता तुम्ही सांगा, ही कधी घ्यायची?” चुकले तर पुन्हा सांगतो. वेळ जातो, बाहेर बसलेले कुरकुरतात. याचे प्रमाणपत्र मिळत नाही.

खालांचे औषध तज्ज्ञांनी बदलले आहे. तरी आता आम्ही विचारण्याआधी त्याच गोळी तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, “ये रोज की, के जुमे की?”