हयातीचा दाखला

आपण जिवंत आहोत, हे तुम्ही कधी सरकारला लेखी कळवलंय का? माझी आई दर वर्षी कळवते. नोव्हेंबर लागला की ठेवणीतली साडी नेसून, पिशवीत पासबुक आणि चष्मा घेऊन ती बँकेत जाते. कोषागाराकडून बँकेत पेन्शनरांची यादी आलेली असते. आपल्या नावासमोर सही केली, की पुढचं वर्षभर आपण हयात आहोत हे सरकार मान्य करतं. ३० नोव्हेंबरपर्यंत सही झाली नाही, तर पुढची पेन्शन थांबते. याचं नाव हयातीचा दाखला.

आईला या कामाचा कंटाळा कधीच नव्हता. बाबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. त्यांच्या बरोबरच्या लोकांच्या बायका त्या दिवशी बँकेत भेटतात. बाकावर बसून गुडघ्यांची, सुनांची आणि नातवंडांची चौकशी होते. यादीत स्वतःचं नाव शोधताना आजूबाजूची नावंही वाचली जातात. मग संध्याकाळी मला फोन, "वरच्या आळीतल्या काकूंचं नाव यंदा नाही गं यादीत." एवढंच म्हणते आणि विषय बदलते.

गेल्या वर्षी ऑगस्टात मी तिला लेस्टरला घेऊन आले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि साताऱ्याकडच्या घरात तिला एकटं ठेवायला माझं मन घेत नव्हतं. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं, म्हणून परतीचं तिकीट जानेवारीचं काढलं. नोव्हेंबर मध्ये येतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिच्या आलं होतं. दसरा झाला तशी ती म्हणाली, "मला नोव्हेंबरात आठ दिवस जाऊन यायला पाहिजे. सही करायची आहे."

मी हसले. मग हिशेब केला, आणि तोही मोठ्याने केला, हे माझं चुकलं. विमानाचं तिकीट इतकं, मुंबईहून गाडी इतकी, आणि तिची महिन्याची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम इतकी. बाबांच्या शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्क्यांवर बसवलेला तो आकडा पौंडात केला, तर आमच्या घरचा पंधरा दिवसांचा किराणाही त्यात धड भागणार नाही. मी म्हटलं, "आई, एवढ्यासाठी कशाला धावपळ? थांबली पेन्शन तर थांबू दे. तेवढे पैसे मीच दर महिन्याला तुझ्या खात्यात टाकत जाईन."

ती काही बोलली नाही. उठून भांडी आवरायला लागली. आमच्याकडे डिशवॉशर आहे, तरी तिने सगळी भांडी हाताने घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "तू दिलेस तर ते तुझे पैसे होतील. मग मंदिरात एकवीस रुपये ठेवायचे की एकावन्न, हे मला तुझ्या मनाने ठरवावं लागेल. हे पैसे मला कुणी देत नाही. तुझ्या बाबांनी उन्हातान्हात कालव्यावर सायकल मारली, त्यांचे आहेत आणि आता माझे आहेत."

तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या आईवडिलांना हेच वाक्य ऐकवलं असेल, "मीच पाठवीन की"? आपल्याला वाटतं आपण त्यांचा भार हलका करतो. त्यांच्या हातातलं काय काढून घेतो, ते आपल्या लक्षात येत नाही. मी त्या दिवशी ठरवलं, की पैसे पाठवायचे नाहीत, दाखला पाठवायचा.

यासाठी भारतात जायलाच हवं असं नाही, हे मला शोधल्यावर कळलं. 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे आणि आता फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही तो दाखला काढता येतो. परदेशात असलेल्या पेन्शनरला भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर सही करूनही दाखला देता येतो. वाचायला सोपं आहे. मी आधी फोनचा मार्ग धरला, कारण लेस्टरच्या थंडीत तिला बाहेर काढायचं नव्हतं.

पहिली अडचण ओटीपीची. आईचं आधार तिच्या गावच्या मोबाईल नंबराला जोडलेलं. ते सिमकार्ड ऑगस्टात इथे आल्यावर मी तिच्या फोनमधून काढून ड्रॉवरमध्ये टाकलं होतं आणि त्याचा रिचार्ज सप्टेंबरात संपला होता. कुणाला दोष देणार? मीच काढलं, मीच विसरले. पुण्याहून दादाने रिचार्ज केला, रोमिंग चालू करायला आणखी दोन दिवस गेले. मग चेहऱ्याची पाळी. आमच्या दिवाणखान्यातला पिवळा उजेड, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले तिचे डोळे आणि ऐन वेळी हलणारा माझा हात. डोळे मिचकावा म्हटलं की ती दोन्ही डोळे घट्ट मिटून बसायची, देवापुढे बसतात तशी. सहा-सात वेळा झाल्यावर म्हणाली, "त्याला मी दिसत नाही का?" मी फोन ठेवून दिला. आणि बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीत जायचं ठरवलं.

जाण्याआधी कागद जमवायला बसले, तेव्हा खरी गंमत समोर आली. पासपोर्टवर आईचं नाव साधं, मग बाबांचं नाव, मग आडनाव. पेन्शनच्या आदेशावर, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, त्यावर आडनाव आधी आणि तिच्या नावाला 'बाई' जोडलेलं. खात्यातल्या कुणा कारकुनाने चाळीस वर्षांपूर्वी बाबांच्या सेवापुस्तकात आदराने 'बाई' लिहिलं आणि ते तसंच पुढे चालत आलं. शाळेच्या दाखल्यावर तर माहेरचं नाव, ते निराळंच. लग्नात तांदळात लिहून बदललेलं. आपल्याकडे बाई एक आणि नावं तीन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कागदाला ठाऊक नसतं. सुदैवाने बाबा गेल्यानंतर तहसील कचेरीत दादाने 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं होतं. त्याची प्रत फोनवर आली, मी छापून घेतली.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी आम्ही गाडीने बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला उतरलो आणि ट्रॅमने ज्युवेलरी क्वार्टरला गेलो. साडीवर माझा जाड कोट, पायात लोकरी मोजे आणि डोक्याला तिने स्वतः विणलेली कानटोपी. साडी मात्र ठेवणीतली. मी म्हटलं, "कोटाखाली कुणाला दिसणार आहे?" म्हणाली, "आत कोट काढायचाच आहे ना."

आत कोट काढला. आमच्या शेजारी एक गृहस्थ मुखत्यारपत्राचे कागद मांडीवर घेऊन बसले होते. आईवडिलांचा ठाण्यातला फ्लॅट विकायचा होता, बहिणीला अधिकार द्यायचे होते. आईने त्यांची सगळी कथा पाच मिनिटांत काढून घेतली. मी मध्ये बोलले ते इतकंच, की हे मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, ते विसरू नका. ते म्हणाले, "घर विकलं की गावाला जायचं निमित्तच संपेल." यावर आईने त्यांना पिशवीतला चिवडा दिला.

आमचा नंबर लागला. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, पीपीओ पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "माताजी, आप ठीक हैं?" आईचं हिंदी सातारी आहे. ती म्हणाली, "जिंदा हूँ, इसलिए तो आयी।" तो माणूस मनापासून हसला.

फॉर्मवर एक ओळ होती, पुनर्विवाह केलेला नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदात ती असते. मला ती मोठ्याने वाचून दाखवायची लाज वाटली. शहात्तर वर्षांची बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. आईनेच बोट ठेवून ती ओळ वाचली आणि म्हणाली, "हे लिही, नाही केला म्हणून. आणि त्याला सांग, विचारलंही नाही कुणी." मग तिने मराठीत सही केली, बँकेत करते तशीच. शेवटची वेलांटी लांब ओढून. अधिकाऱ्याने तारीख घातली, सही केली, गोल शिक्का मारला. ही व्यक्ती आज माझ्यासमोर हजर झाली आणि हयात आहे.

बाहेर आल्यावर ती पायरीवर थांबली. तो कागद तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "याची एक झेरॉक्स मला दे."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. मूळ दाखला मी कुरिअरने दादाकडे पाठवला, त्याने तो गावी नेऊन बँकेत दिला. तोवर डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला होता आणि यादी कोषागाराकडे परत गेली होती. पेन्शन थांबली. रोज सकाळी आई विचारायची, "कागद पोचला का?" पैसे आले का, असं तिने एकदाही विचारलं नाही. दादा दोनदा कोषागारात जाऊन आला. उशिरा दाखला दिला म्हणून पेन्शन बुडत नाही, थकबाकीसह मिळते, हे मला माहीत होतं. पण यादीत आपल्या नावासमोरची जागा कोरी राहिली, हे तिला डाचत होतं. ती तिकडच्या बाकावरच्या बायकांचा विचार करत होती. त्यांना काय वाटलं असेल?

जानेवारीत ती परत गेली. इथे तिला कायमचं ठेवून घेता येईल का, याची मी चौकशी केली नाही असं नाही. २०१२ मध्ये इथले नियम असे कडक झाले, की स्वतःच्या हाताने चहा करून पिणाऱ्या आईला त्यात जागा नाही. आणि तिला तरी कुठे राहायचं होतं? फेब्रुवारीत थकबाकी जमा झाली. त्या दिवशी तिचा फोन आला, "आले गं. दोन्ही महिन्यांचे आले." तिने मंदिरात किती ठेवले, ते मी विचारलं नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी, मला उशिरा कळलेल्या. आई किंवा वडील तुमच्याकडे येणार असतील तर तिकीट काढण्याआधी नोव्हेंबर कुठे पडतो ते बघा. त्यांचं भारतातलं सिमकार्ड चालू ठेवा, कारण आधारचा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. पीपीओ, पासबुक, आधार आणि पासपोर्ट यांवरची नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र ते तिकडे असतानाच करून घ्या. दाखला वकिलातीतून घेणार असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. कागदाला प्रवासाला वेळ लागतो.

आणि एक पाचवी गोष्ट. हे काम त्यांचं आहे, आपलं नाही. आपण फक्त सोबत जायचं. परदेशात राहून आईसाठी फार काही करता येत नाही, हे आपल्याला माहीत असतं, म्हणून पैसे पाठवून मन मोकळं करायची सवय लागते. मलाही लागली होती. त्या एका मंगळवारी मी तिच्यासाठी एक पैसाही खर्च न करता जे केलं, ते तिला जास्त उपयोगी पडलं असं मला वाटतं.

परवा तिने फोनवर सांगितलं, पर्समध्ये ती झेरॉक्स अजून आहे. बाकावरच्या बायकांना तिने ती दाखवली. इंग्लंडचा शिक्का म्हणून सगळ्यांनी हात लावून पाहिली. यंदा मात्र ती कुठेही येणार नाही म्हणाली. नोव्हेंबर झाल्यावर बघू.