बॅटरीबाई, तुमच्यावरचा आळ

बॅटरीबाई,


सकाळी चावी फिरवली आणि सेल्फनं नुसतं ‘टिक’ केलं, की पहिलं नाव तुमचंच निघतं. धमध्याकडच्या टोमॅटो-पपईच्या बाडीत राबणारा मिनी ट्रॅक्टर असो की भिलाईतल्या एखाद्या बागेत गवत कापणारा, निकाल ठरलेला: “बॅटरी गेली.” तुम्हाला उचलून सुपेल्याच्या बाजारात नेतात, नवी आणून बसवतात. महिन्या-दोन महिन्यांत तीही मान टाकते. मग बॅटरीच्या कंपनीचा उद्धार होतो. मूळ दुखणं बॉनेटखाली जिथल्या तिथे.

हे भिलाईत घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी इथल्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून या गावाचं पोट मोजमापावर चाललंय. वितळलेल्या लोखंडाचं तापमान घेतल्याशिवाय इथे पुढचं काम होत नाही. विदर्भातून नोकरीला येऊन इथेच रुजलेल्या आमच्या मराठी घरांतही अनेकांची उमर मीटरवरचे काटे वाचण्यात गेली. तुमचा न्याय मात्र अंदाजानं.

तुमचा जन्म या झोतभट्टीच्या बरोबर शंभर वर्षं आधीचा. 1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे पत्रे सौम्य सल्फ्युरिक आम्लात ठेवून पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. पुन्हा भरता येणं हाच तुमचा मोठेपणा, आणि नेमकं ते भरणंच कुणी तपासत नाही.

“दिवसातून दहादा स्टार्ट केलं म्हणून बॅटरी मेली,” असंही ऐकू येतं. हिशेब मांडून बघू. सेल्फनं 150 अँपिअर 5 सेकंद ओढले, तर खर्च झाला 750 अँपिअर-सेकंद. चार्जिंग नुसतं 5 अँपिअरनं येत असलं तरी कागदावर अडीच मिनिटांत भरपाई होते. वाटेतली घट धरली तर पाचेक मिनिटं. तेव्हा स्टार्टचं ओझं तुम्हाला जड नाही. घेतलेलं परत येत नाही, तिथे तुम्ही खचता.

ते परत येत नाही हे दिवसभर लक्षातही येत नाही, कारण साधं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला तुमची गरज उरत नाही. पंपाच्या दाबानं डिझेल आत जातं, दाबलेल्या गरम हवेत पेटतं. ठिणगी लागतच नाही. चार्जिंग बंद पडलेला ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत खुशाल नांगरतो आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही गुन्हेगार ठरता. म्हणून डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्याला मान द्यावा. चावी दिल्यावर तो लागला पाहिजे, इंजिन धरल्यावर विझला पाहिजे. चावी देऊनही लागत नसेल तर ‘बरंय, कटकट नाही’ म्हणू नये. काही आल्टरनेटरांना सुरुवातीची चेतना त्याच दिव्यातून मिळते. बल्ब उडाला की चार्जिंगही अडतं.

इथे काही मिस्त्री एक परीक्षा घेतात. चालू इंजिनवर तुमचं टर्मिनल काढतात आणि म्हणतात, “बघा, बंद पडलं नाही, डायनामो चांगलाय.” डिझेल बंद पडणारच नव्हतं, मग यातून सिद्ध काय झालं? उलट तुम्ही मधून निघताच व्होल्टेज उसळी मारतं आणि डायोड नाहीतर रेग्युलेटर जळतो. शाबूत यंत्रणा तपासणीतच मरते.

खरी तपासणी साध्या मल्टिमीटरनं होते. रात्रभर उभ्या गाडीत तुमच्या दोन टर्मिनलांवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर तुम्ही भरलेल्या. मग इंजिन सुरू करून रेस द्यायची. आकडा चढून साधारण 13.8 ते 14.5 वर थांबला तर चार्जिंग ठीक. मग तुमची लोड टेस्ट करावी आणि सेल्फकडे बघावं. आकडा जागचा हलला नाही तर चार्जिंग येत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, तो तुमचं पाणी उकळून उडवतो.

चार्जिंग येत नसेल तर स्वस्तातल्या जागा आधी बघाव्यात: ढिला पट्टा, उडालेला फ्यूज, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर. तो थर काढताना निगेटिव्ह वायर आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. कोमट पाण्यातला खाण्याचा सोडा पुरतो, फक्त तो तुमच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. मग चालू इंजिनवर मीटरची एक पिन तुमच्या निगेटिव्हच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. अर्थिंग चांगलं असेल तर तिथे जेमतेम 0.2 व्होल्ट दिसतो. जास्त दिसला तर वाटेत कुठेतरी गंज बसलाय. रेग्युलेटरचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच होत असेल, तर नव्यानं रंगवलेल्या पत्र्यावर तो बसवला की चार्जिंग गुल. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासला की काम होतं.

याचा अर्थ तुम्ही अमर आहात असा नाही. इथला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा तुमचं पाणी आटवतो, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला तर प्लेटांवर सल्फेट धरतं. डिस्टिल्ड वॉटर आणि अधूनमधून चार्जर एवढी बडदास्त मालकानं ठेवायलाच हवी. तरीही एक दिवस लोड टेस्टमध्ये तुम्ही बसालच. तेव्हा तुम्हाला दुकानात रीतसर परत द्यावं, भंगारवाल्याला आम्ल नाल्यात ओतू देऊ नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांचा रोखही तोच आहे.

तोवर माझी मालकांना एकच विनंती: नव्या बॅटरीचे पैसे मोजण्याआधी दोन रीडिंग मोजा, एक बंद इंजिनचं, एक चालू इंजिनचं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भिलाईचा एक मीटरवाला