चित्राखालचं नाव

सातारा, 14 जून

प्रिय सोनू,


काल रात्री तुझ्या आईशी फोनवर बोलले. तू इंटरनेटवर फास्टर फेणेची चित्रं टाकणं थांबवलंस आणि तुझं तिथलं पानही पुसून टाकलंस, हे तिच्याकडून कळलं. का, तेही कळलं. सायकलवर उभं राहून पेडल मारणारा तुझा बन्या, म्हणजे फास्टर फेणे, कोणीतरी उचलला, कोपऱ्यातली तुझी सही कापली आणि चित्र सगळीकडे फिरवलं.

माझ्याकडेही ते आलं होतं. आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासदांचा व्हॉट्सॲपवर गट आहे, त्यात कोणीतरी टाकलं. मी बघताक्षणी ओळखलं, कारण तू पहिलीत असल्यापासून सायकलचं मागचं चाक पुढच्यापेक्षा थोडं मोठं काढतेस. मी लगेच लिहिलं, हे माझ्या भाचीने काढलेलं चित्र आहे. पण तोवर ते कुठल्या कुठे पोचलं होतं. त्या रात्री मलाही झोप लागली नाही.

हे सगळं फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

तू करत होतीस तो रिकामटेकडेपणा आहे, असं तुला कोणी म्हटलं असेल तर ते मनातून काढून टाक. मी एकतीस वर्षं वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसले. पुस्तक परत करायला आलेला माणूस ते टेबलावर ठेवून लगेच निघत नाही, हे मी रोज पाहिलं. तो रेंगाळतो. त्याला कोणाला तरी सांगायचं असतं. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचे वाचक तर रांगेतच एकमेकांशी भांडायचे, त्यांचा नायक झुंजार मोठा की काळा पहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या आणि तरीही त्या लोकांना पुरत नव्हत्या. कोणी कोणाचं नाव विचारायचं नाही, पण अमक्या पुस्तकाला तो आणि मी सारखेच जागलो, एवढी ओळख त्यांना पुरायची.

आणि समासातली पेन्सिल! दर वर्षी पुस्तकांची मोजणी करताना खोडरबर घेऊन बसायचं, हे माझं काम. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे असत. ते मी रागाने खोडत असे. पण एका फास्टर फेणेच्या समासात कोणा मुलाने कच्च्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बन्या, मागे बघ!’ आणि त्याखाली, वेगळ्या हातचं, जरा मोठ्या मुलाचं असावं असं अक्षर: ‘तो वाचतो. घाबरू नको.’ ही दोन मुलं एकमेकांना कधी भेटली नसणार. त्यांच्यामध्ये किती वर्षं गेली असतील तेही सांगता येत नाही. मी खोडरबर हातात घेतलं आणि खाली ठेवलं. नियम मोडून ते पान मी तसंच राहू दिलं.

तुझ्या चित्रांखाली अनोळखी माणसं काय लिहायची, ते मी वाचत असे. कोणी लिहायचं, मी सायकल शिकलो ती याच्यामुळे. कोणी लिहायचं, फास्टर फेणेचं फुरसुंगी हे खरंच गाव आहे हे मला दहावीत कळलं. दूरदर्शनवरच्या मालिकेतला सुमीत राघवन आठवणारे वेगळे आणि 2017च्या सिनेमात अमेय वाघला पाहून मग पुस्तकाकडे आलेले वेगळे. त्या सिनेमात दिलीप प्रभावळकरांनी फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांचीच भूमिका केली, हे तूच मला सांगितलंस. ही सगळी माणसं तुझ्या चित्रापाशी येऊन थांबायची. ते त्या समासासारखंच होतं.

शेरलॉक होम्सचं तर तुला माहीतच आहे, भालबा केळकरांची भाषांतरं तू माझ्याच कपाटातून नेली होतीस. 1893च्या डिसेंबरात कॉनन डॉयलने त्याला धबधब्यात ढकललं, तेव्हा त्याच्या गोष्टी छापणाऱ्या ‘स्ट्रँड’ मासिकाच्या अनेक वाचकांनी वर्गणी बंद केली. दहा वर्षांनी, 1903मध्ये, लेखकाला त्याला जिवंत परत आणावं लागलं. पुढे होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या पत्त्याच्या जागी एका वित्तसंस्थेची कचेरी आली, तरी होम्सच्या नावाने पत्रं येत राहिली आणि त्यांना उत्तरं लिहायला संस्थेने एक माणूस नेमला. लिहिणाऱ्यांना तो खोटा आहे हे कळत नव्हतं असं थोडंच आहे?

आता मुद्द्यावर येते.

होम्स म्हटलं की दोन्हीकडून कानांवर झडपा असलेली ती टोपी डोळ्यांपुढे येते. त्या टोपीचं नाव डॉयलने एकाही गोष्टीत घेतलेलं नाही. ती सिडनी पॅजेट या चित्रकाराने त्याच्या डोक्यावर चढवली आणि ती कायमची बसली. आपल्या बन्याचंही तसंच. काडीसारखे हातपाय, टोकदार नाक, सगळं अंग धावायला निघालेलं. भागवतांनी तो शब्दांत घडवला हे खरं, पण आपण डोळे मिटून जो बघतो तो चित्रकार राम वाईरकरांचा आहे. तू काढतेस तोही त्यांच्यावरून आलेला आहे, तुझ्या रेषेत ते दिसतं. ‘टिंकल’मधल्या सुपंदीला पहिल्यांदा रूप दिलं तेही याच हाताने. आणि 1983 सालचा तो सुपंदी मुळात तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथेतून आलेला. एका वाचकाला आवडलेली गोष्ट त्याने टपालात टाकली आणि ती देशभरच्या मुलांची झाली. हे मला फार सुंदर वाटतं. पण फास्टर फेणेवर जीव टाकणाऱ्या किती जणांना वाईरकरांचं नाव ठाऊक आहे? आमच्या गटात मी विचारलं होतं. दोघांना ठाऊक होतं.

‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद लोक आज रोज एकमेकांना पाठवतात. 1988चा सिनेमा, पण त्यातली वाक्यं वीस वर्षांच्या मुलांच्या तोंडी आहेत. त्यांना अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सगळे ओळखू येतात. ती वाक्यं कागदावर लिहिली वसंत सबनिसांनी, ‘विच्छा माझी पुरी करा’वाल्या सबनिसांनी, आणि त्यांचं नाव मात्र कुठेच येत नाही. कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे, हेही कोणी सांगत नाही. सांगितलं तर त्या हसण्यात काही कमी होईल का?

याच्या उलटही होतं. नको त्याचं नाव चिकटतं. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. मोबाइलवर आलेला एक मोठा उतारा त्यांनी दाखवला, खाली पु. ल. देशपांडे असं नाव. नातवाला भाषणासाठी हवा होता, कुठल्या पुस्तकात आहे ते सांगा म्हणाल्या. मी दोन दिवस पु. लं.ची पुस्तकं चाळली. कुठेच सापडला नाही आणि सापडणारही नव्हता, कारण तशी वाक्यं पु. ल. लिहितच नसत. व. पु. काळ्यांच्या नावावर असे कितीतरी उतारे फिरतात. ज्याने कोणी ते मूळ लिहिलं, त्याचं नाव गेलं. पु. लं.च्या तोंडी भलतंच आलं. आणि त्या मुलाने भाषणात ते पु. लं.चं म्हणून सांगितलं असतं, तर त्याच्यापुरते पु. ल. तेच राहिले असते. हे पाठवणारे पु. लं.वर प्रेम करणारेच असतात, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

आता जे लिहिते आहे ते वाचून रागावू नकोस. दिवाळीत तू ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ची सगळी पानं फोटो काढून चुलत भावंडांच्या गटात टाकलीस. अमेरिकेत मुलांना मिळत नाही म्हणून टाकलीस, हेतू चांगला होता, मला माहीत आहे. मी तेव्हा काही बोलले नाही, ती चूक माझी. ती पानं महिन्याभरात तीन वेगवेगळ्या वाटांनी माझ्याकडे परत आली. त्यात मुखपृष्ठ नव्हतं, नावाचं पान नव्हतं. लेखक कोण, चित्रं कोणाची, कुठल्या साली छापलं, काही नाही. पहिलं पान थेट गोष्टीचं.

तुझी सही कापणाऱ्याने हेच केलं ना गं?

आपल्याकडच्या कायद्याने लेखक गेल्यावर साठ वर्षं त्याच्या लिखाणावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. भागवत 2001मध्ये गेले. म्हणजे 2061 संपेपर्यंत त्यांची पुस्तकं अशी वाटण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कायदा बाजूला ठेव. मुलांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती काढायची की नाही, हे प्रकाशक गोदामातल्या गठ्ठ्यांकडे बघून ठरवतो. फुकट फिरलेली पानं त्याला दिसत नाहीत, फक्त न हललेला गठ्ठा दिसतो. उद्या कोणा मुलाला बन्या हवा असेल आणि दुकानदार मान हलवेल, तर त्यात आपलाही हात असेल. पार्सलने अमेरिकेत पुस्तक पाठवायला खर्च येतो, पण तो मी देईन. मुलांची नावं आणि पत्ते कळव.

या दोन्ही गोष्टी मी एकाच पत्रात लिहिल्या, कारण मला त्या वेगळ्या वाटत नाहीत. आवडलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात देताना ती कोणाची आहे हेही द्यायला हवं. नाहीतर पुढच्या वाचकाला त्या माणसाचं दुसरं काही शोधताच येत नाही. फास्टर फेणेवरून मी भागवतांपर्यंत पोचले आणि भागवतांवरून ज्यूल व्हर्नपर्यंत, कारण ‘चंद्रावर स्वारी’च्या मुखपृष्ठावर दोघांची नावं होती. नाव नसतं तर मी फुरसुंगीतच थांबले असते. समासात लिहिणाऱ्या त्या दोन मुलांची नावं नाहीत, ते मला चालतं. ते वाचक होते. पण पुस्तकाला नाव होतं, म्हणूनच दोघं एका पानावर आली.

तेव्हा माझं ऐक. पान पुन्हा उघड. सही कोपऱ्यात ठेवू नकोस, सायकलच्या चाकाला लागून काढ, म्हणजे कापली तर सायकलही कापली जाईल. आणि प्रत्येक चित्राखाली तीन नावं लिही, भा. रा. भागवत, राम वाईरकर आणि तुझं, आडनावासकट. त्याखालचे दोन शब्द मात्र बदल. ‘खूप आवडतो’ असं तू दर वेळी लिहितेस. का आवडतो ते लिही. अंधाऱ्या बोळात सायकल घालताना तू मनात फास्टर फेणेसारखं ‘ट्टॉक’ करायचीस, हे तू मला एकदा सांगितलं होतंस. ते कोणालाच सांगितलेलं नाहीस.

पत्रासोबत एक पुस्तक पाठवते आहे. वाचनालयाने जुनी, फाटकी पुस्तकं बाद केली, तेव्हा मी ते रद्दीच्या भावाने विकत घेतलं, पावती आतच आहे. पुठ्ठा निखळला आहे, दाखल क्रमांकाचा शिक्का अजून वाचता येतो. तो समास ज्या पानावर आहे, तिथे मी कागदाची पट्टी घालून ठेवली आहे.

तुझी,
आत्या